घरच्या रुग्णाची देखभाल आणि शासनाचा पैसा: पुण्यातील कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सगळे करणाऱ्या मुलाला, सुनेला किंवा बहिणीला शासन त्या कामाचा पगार देते का, या प्रश्नाचे महाराष्ट्रापुरते सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. जे मिळते ते तुकड्यातुकड्यांनी मिळते, बहुतेक वेळा रुग्णाच्या किंवा दिव्यांग व्यक्तीच्या नावावर मिळते, आणि प्रत्येक तुकड्यासाठी कार्यालय, उत्पन्नाची अट व कागदपत्रे वेगळी असतात. सगळे तुकडे मिळूनही ब्युरोकडून दिवसपाळीची मदतनीस मावशी ठेवण्याइतका पैसा उभा राहत नाही. मात्र औषधे, डायपर आणि फिजिओथेरपी यांचा बराच भार हलका होऊ शकतो, आणि नोकरी सोडून घरी बसलेल्या माणसाला तेवढाही आधार मोलाचा असतो. हे तुकडे कोणत्या क्रमाने गोळा करावेत, ते या लेखात सांगितले आहे.

पुण्यात ज्यांची मुले परदेशी आहेत अशी घरे पुष्कळ असल्यामुळे एक गैरसमज आधीच दूर करतो. अमेरिकेत मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) काही योजनांतून, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियातील ‘इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस’मधून, घरच्याच माणसाला देखभालीचे तासाप्रमाणे पैसे मिळू शकतात; ब्रिटनमध्ये आठवड्याला किमान ३५ तास देखभाल करणाऱ्याला अटींवर ‘केअरर्स अलाउन्स’ मिळतो. त्या योजना तिथल्या पात्र रहिवाशांसाठी आहेत. मुलगा तिकडे नोकरीला आहे म्हणून कोथरूडमधल्या आईला किंवा तिची सेवा करणाऱ्या बहिणीला त्यांचा लाभ होत नाही. ‘घरच्या सेवेचा पगार मिळवून देतो’ असे सांगून नोंदणी शुल्क मागणारा कोणी भेटला, तर त्याला वाटेला लावावे.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २४ सामाजिक सुरक्षेविषयी आहे. जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी ‘देखभालकर्ता भत्ता’ देण्याचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे, आणि कलम ३८ मध्ये अशा आधारासाठी अर्ज करण्याची व मूल्यांकन मंडळाकडून तपासणी करून घेण्याची तरतूद आहे. परंतु भत्ता किती आणि कसा द्यायचा, हे राज्याच्या आर्थिक कुवतीवर सोडलेले आहे. केरळ सरकारची ‘आश्वासकिरणम्’ ही योजना अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची देखभाल करणाऱ्यासाठीच आहे आणि तिच्यात दरमहा ६०० रुपये ठरवलेले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती देखभाल करणाऱ्याच्या कामाची दखल घेते. महाराष्ट्रात असा सरसकट मासिक भत्ता सुरू झालेला नाही.

तरीही कलम ३८ खाली लेखी अर्ज करून ठेवावा, असे माझे मत आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च रोडला आहे, ही पुणेकरांची सोय आहे. अर्जात दिवसभरात कोणकोणत्या कामांसाठी दुसऱ्या माणसाची गरज लागते ते लिहावे, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि शिक्का व तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये. उद्या राज्याने भत्ता सुरू केला, तर ज्यांची गरज आधीपासून कागदावर आहे त्यांचे काम सोपे होईल.

पहिला टप्पा: दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र

पुढची बहुतेक दारे या एका कागदाने उघडतात, म्हणून इथे घाई करू नये. अर्ज यूडीआयडी (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) संकेतस्थळावर ऑनलाइन करावा लागतो आणि त्यात तपासणीचे रुग्णालय निवडावे लागते. पुण्यात ससून, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही त्यासाठीची परिचित ठिकाणे आहेत. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात. ८० टक्क्यांच्या पुढे आयकरातील वजावट वाढते आणि केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेचाही विचार होऊ शकतो, मात्र तिथे दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असावे लागते.

म्हातारपण हे स्वतःहून दिव्यांगत्व ठरत नाही, हे अनेकांना तपासणीच्या दिवशी कळते. पक्षाघाताने एक बाजू गेली असेल तर ती चलनविषयक दिव्यांगत्वात मोजली जाते. पार्किन्सन्सचे नाव कायद्यातील २१ प्रकारांत आहे. स्मृतिभ्रंशाचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. त्याचे मूल्यांकन मानसिक आजाराच्या गटातून होते, त्यामुळे मनोविकारतज्ज्ञाचे कागद आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे अहवाल फाइलमध्ये सर्वांत वर लावावेत.

तपासणीच्या टेबलापाशी एक गोष्ट वारंवार घडते. डॉक्टर विचारतात, ‘स्वतःच्या हाताने जेवतात का?’ आणि मुलगी अभिमानाने म्हणते, ‘हो, जेवतात की!’ खरे पाहता ती पोळी कुस्करून वाटीत देते, चमचा बोटांत अडकवते, मनगटाला खालून आधार देते आणि मधूनमधून घास घशाखाली उतरला की नाही हे बघते. डॉक्टरांच्या कागदावर मात्र ‘जेवण: स्वतः’ एवढेच उमटते. आपल्या माणसाचा कमीपणा चारचौघांत सांगणे जिवावर येते, हे समजण्यासारखे आहे. तरी त्या खोलीत जे खरे आहे तेच आणि पूर्ण सांगावे. यासाठी तपासणीच्या आधी आठवडाभर एका साध्या वहीत नोंद ठेवावी: रात्री कुशीवर किती वेळा वळवले, संडासला कोणी नेले, आंघोळ किती जणांनी मिळून घातली, एकटे सोडता येते का आणि किती वेळ. ही वही पुढे अनेक ठिकाणी उपयोगी पडते.

प्रमाणपत्र हातात आल्यावर तीन गोष्टी तिथेच वाचाव्यात: नाव आधारप्रमाणे आहे का, टक्केवारी किती आहे, आणि ते कायमचे आहे की ठरावीक मुदतीचे. मुदतीचे असेल तर संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण ती उलटली की त्यावर चालू असलेले लाभ अडकतात.

दुसरा टप्पा: दरमहाची रक्कम

महाराष्ट्रात नियमित रोख मदतीचा मुख्य मार्ग संजय गांधी निराधार अनुदान योजना हा आहे. ६५ वर्षांखालील दिव्यांग व्यक्ती, तसेच पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग यांसारख्या आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी व्यक्ती तिच्यात बसू शकते. ६५ व त्यावरील व्यक्तींसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. जुलै २०२३ मध्ये रक्कम दरमहा १,५०० रुपये करण्यात आली आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाली. आजार तोच असला तरी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढणे का फायद्याचे ठरते, ते या १,००० रुपयांच्या फरकावरून लक्षात येईल.

खरी अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे. सर्वसाधारण लाभार्थ्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत आणि दिव्यांगासाठी ५०,००० रुपयांपर्यंत असावे लागते. ५०,००० म्हणजे महिन्याला ४,२०० रुपयांहूनही कमी. पुण्यात एका खोलीचे भाडे भरणाऱ्या घराचे उत्पन्न याच्या आत असणे जवळजवळ अशक्य आहे, आणि ही मर्यादा वाढवल्याशिवाय रक्कम वाढवण्याचा लाभ मर्यादितच राहणार, असे माझे स्पष्ट मत आहे. पण म्हणून खोटा दाखला काढण्याच्या भानगडीत पडू नये. चौकशीत तो उघड झाला तर मदत बंद होते, वर वसुलीही लागू शकते. ज्या घरात कमावता माणूसच रुग्ण झाला आहे आणि त्याची सेवा करण्यासाठी दुसऱ्याने काम सोडले आहे, तिथे मात्र उत्पन्न खरोखरच कोसळलेले असते. अशा वेळी जुन्या पगाराच्या आधारावर नव्हे, तर आजच्या परिस्थितीवर तहसीलदारांकडून नवा उत्पन्नाचा दाखला मागावा आणि नोकरी सुटल्याचे पत्र जोडावे.

अर्ज ज्या तालुक्याच्या हद्दीत राहता, त्या तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतू केंद्रातून करता येतो. महाराष्ट्रातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगत्वाचे किंवा आजाराचे प्रमाणपत्र आणि बँकेचे पासबुक एवढे कागद तयार ठेवावेत. रक्कम थेट बँक खात्यात येते, त्यामुळे खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे बँकेत जाऊन तपासावे. अंथरुणावरच्या माणसाच्या बोटांचे ठसे उमटत नसतील तर ही जोडणी आणि आधारची दुरुस्ती आधी उरकावी. अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचे एक कारण इथे असते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो विसरला की अनुदान थांबते आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठी परत खेटे घालावे लागतात.

६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात.

महापालिकेचे दार

राज्य शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करण्यास सांगितले आहे, त्यामुळे महापालिकेच्या योजना राज्याच्या योजनांहून वेगळ्या आणि कधी कधी अधिक सढळ असतात. या लेखाच्या विषयाच्या सर्वांत जवळची योजना पिंपरी-चिंचवड महापालिकेची आहे: मतिमंद व्यक्तीचा सांभाळ करणाऱ्या पालकास किंवा संस्थेस अर्थसाह्य. इथे मदत सांभाळ करणाऱ्याला उद्देशून आहे. पुणे महापालिकेत अशा योजनांची चौकशी समाज विकास विभागात करावी. दोन्हीकडे हद्दीतील वास्तव्याचा पुरावा काटेकोरपणे पाहिला जातो. घर भाड्याचे असेल तर नोंदणीकृत भाडेकरार आधीच करून ठेवावा. रक्कम आणि अर्जाची मुदत अंदाजपत्रकाप्रमाणे ठरते, म्हणून एप्रिलनंतर एकदा विचारून यावे. ग्रामपंचायत हद्दीत राहणाऱ्यांनी हाच ५ टक्क्यांचा निधी ग्रामसेवकाकडे मागावा.

नातवंड किंवा भाचा सांभाळणाऱ्यांसाठी

आई किंवा वडील गेल्यावर, किंवा दोघांपैकी एक दुर्धर आजाराने अंथरुणावर असताना, मुलाला आजी, काका किंवा मावशी वाढवते, अशी घरे कमी नाहीत. या घरांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. संस्थेत न ठेवता कुटुंबात वाढणाऱ्या १८ वर्षांखालील मुलामागे दरमहा २,२५० रुपये दिले जातात. २०२३ पूर्वी ही रक्कम १,१०० होती. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा आणि निर्णय बाल कल्याण समिती देते. मुलाचे बोनाफाईड, पालकाच्या मृत्यूचा दाखला किंवा आजाराचे वैद्यकीय कागद, आणि सांभाळणाऱ्याचे ओळखपत्र लागते. घरच्या माणसाने केलेल्या संगोपनासाठी घरालाच पैसे देणारी राज्यातील एवढी सरळ योजना दुसरी नाही, आणि तरी कितीतरी आज्यांना तिचे नावही माहीत नसते. शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकसभेत हे एकदा सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

नोकरी, पेन्शन आणि कर

नोकरदार घरांना अनुदान मिळत नाही; त्यांचा लाभ वाचणाऱ्या पैशातून आणि रजेतून होतो. केंद्र सरकारी नोकरीतील महिलेला व एकल पुरुष पालकाला बालसंगोपन रजा एकूण ७३० दिवसांची असते आणि दिव्यांग अपत्याच्या बाबतीत वयाची अट राहत नाही. दिव्यांग अवलंबिताची देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सवलत मागता येते. त्यासाठी प्रमाणपत्रासह विभागप्रमुखांकडे अर्ज करावा.

पेन्शनधारकांनी स्वतः हयात असतानाच करण्याचे एक काम आहे, आणि ते पुढे ढकलले की मागे राहिलेल्यांची फार ओढाताण होते. स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते. त्या अपत्याचे नाव पेन्शनच्या आदेशात आत्ताच नोंदवून घ्यावे. पुणे-खडकी-देहू रोड परिसरात लष्कराच्या आणि दारूगोळा कारखान्यांच्या पेन्शनवरची घरे खूप आहेत. त्यांनी ही नोंद आहे का, हे आजच तपासावे. खासगी नोकरीतील भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतही कायमस्वरूपी पूर्ण दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता पेन्शन आहे. सेवेमुळे १०० टक्के अपंगत्व आलेल्या आणि सतत मदतनीस लागणाऱ्या केंद्रीय व लष्करी कर्मचाऱ्यांसाठी वेगळा ‘सतत परिचर भत्ता’ आहे. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा ६,७५० रुपये झाला.

आयकरात कलम ८०डीडी ही सर्वांत दुर्लक्षित वजावट आहे. पती किंवा पत्नी, अपत्य, आई-वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणी दिव्यांग व तुमच्यावर अवलंबून असेल, तर ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपयांची सरळ वजावट मिळते. देखभालीवर काही खर्च करत असाल तर तो नेमका किती झाला, याची पावती जोडून बेरीज मांडावी लागत नाही. मात्र ही सवलत जुन्या करप्रणालीतच आहे, म्हणून नवी प्रणाली निवडण्यापूर्वी दोन्हींचा हिशेब करून पाहावा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत; सल्लागाराकडे विचारताना क्रमांकाऐवजी ‘दिव्यांग अवलंबिताची वजावट’ असे विचारावे.

अपघात झाला असेल तर

रस्ते अपघातात घरचा माणूस परावलंबी झाला असेल, तर देखभालीच्या मोबदल्याचा सर्वांत मोठा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अपघातात पूर्ण परावलंबी झालेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात दोन परिचारकांसाठी दरमहा प्रत्येकी ५,००० रुपये धरले आणि १८ चा गुणक (वयावरून ठरणारा वर्षांचा आकडा) लावून केवळ या एका बाबीसाठी २१,६०,००० रुपये दिले. म्हणजे उपचाराची बिले मागून थांबू नये. आयुष्यभर लागणाऱ्या मदतनीसाचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून मागावा. आईच सगळे करते म्हणून त्या सेवेची किंमत शून्य होत नाही, हे वकिलांना ठामपणे सांगावे आणि वर सांगितलेली वही पुराव्यासोबत द्यावी. २०२२ पासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे, म्हणून रुग्ण अजून रुग्णालयात असतानाच वकील गाठावा.

पालकत्व, निरामय विमा आणि भावंडांचा वाटा

मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडीलही कायद्याने त्याच्या वतीने सही करू शकत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांत राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळते. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि वकील लावण्याची गरज नसते. कोमात गेलेल्या रुग्णासाठी ही समिती उपयोगाची नाही. तिथे मुंबई उच्च न्यायालयात जावे लागते. याच चार प्रकारांसाठी निरामय हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, ज्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही येतात.

शेवटी घरातला व्यवहार. एक भाऊ आई-वडिलांचे सगळे करतो आणि दुसरे फक्त फोनवर विचारपूस करतात, ही तक्रार तहसीलमध्ये नव्हे, तर प्रांतांकडे सुटू शकते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात पालक सर्व सक्षम अपत्यांकडून निर्वाह मागू शकतात. मर्यादा दरमहा १०,००० रुपयांपर्यंत आहे, आणि पालक स्वतः येऊ शकत नसतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती अर्ज करू शकते. तिथवर जाण्यापूर्वी भावंडांनी बसून दरमहा किती रक्कम सेवा करणाऱ्याच्या खात्यात टाकायची, ते लेखी ठरवावे, आणि त्यातला काही भाग तिच्या किंवा त्याच्या स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीत जाईल, अशी अट घालावी. भावाकडून बहिणीला मिळालेल्या भेटीवर आयकर लागत नाही. पतीने पत्नीला किंवा सासऱ्याने सुनेला दिलेली भेट गुंतवली, तर मात्र त्यावरचे उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते.

वर्षाचे वेळापत्रक थोडक्यात असे ठेवता येईल: जानेवारी ते मार्च या काळात हयातीचा दाखला आणि निरामयचे नूतनीकरण, एप्रिलमध्ये नवा उत्पन्नाचा दाखला आणि महापालिकेतील चौकशी, जुलैच्या आत आयकर विवरणपत्र. सगळ्या अर्जांच्या पोचा एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात आणि त्या फाइलची जागा सेवा करणाऱ्याखेरीज घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असावी.